लाइफटाइमचं कार्ड

नागपूरच्या दवाखान्यातून फोन आला तो मंगळवारी. कांताबाईला तो कळला पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी, तोही वावरात.

सदाशिवराव पाटलांच्या तळ्याकडच्या वावरात कापसाचा दुसरा वेचा चालू होता. पऱ्हाटीची पानं लालभडक होऊन गळली होती आणि बोंडं नखाएवढी राहिली होती. दिवसभर कंबर वाकवून ओटीत पडायचा तो दहा-बारा किलो. वाळल्या बोंडांची टोकं बोटांच्या पेरांत घुसायची, आणि घाम लागला की ती चरचरायची. कांताबाई आपल्या ओळीचा तास धरून पुढं सरकत होती. तेवढ्यात सदाशिवराव मोटरसायकल बांधावर लावून आत आले, आणि काट्यावरचं गाठोडं न्याहाळता न्याहाळता सहज म्हणाले, "अवं कांता, तो नागपूरचा फोन आलता. घरी पाव्हने होते त्या दिवशी, सांगाचं राहूनच गेलं. सोमवारी श्रावनले भरती करा म्हने."

"कोनत्या सोमवारी, भाऊ?"

"आता गेलाच तो. परवाचा."

कांताबाईच्या हातात बोंड होतं. ते तिनं सोललं, कापूस ओटीत टाकला, पाचोळा झटकला. पाटलांना काही बोलायची तिची टाप नव्हती. तास पुरा व्हायचा होता, आणि उद्याही याच वावरात यायचं होतं. शेजारच्या तासावरची बाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. "काहून वं, काय झालं?" तिनं विचारलं. कांताबाई म्हणाली, "काई नाई. वेच तू."

श्रावणचा आवाज पोळ्यापासून बसला होता. आणि श्रावणचं सगळं काम आवाजाचंच. वेचणीच्या बाया गोळा करून शेतकऱ्याच्या वावरावर नेणं, संध्याकाळी काट्यावर उभं राहून प्रत्येकीचं वजन ओरडून सांगणं, हा त्याचा धंदा. सकाळी विहाराच्या कोपऱ्यावर उभा राहून तो हाक मारायचा, "चला वं बायांनो, दिवस कासराभर वर आला!" तेव्हा उजाडलेलंही नसायचं. ती हाक नाल्यापलीकडच्या घरांपर्यंत जायची. बाया त्याला शिव्या देत, हसत, फडक्यात भाकर बांधत बाहेर निघायच्या.

आधी वाटलं, फवारणीचा वास लागला. मग वाटलं, तंबाखूच्या खर्ऱ्यानं घसा धरला. खर्रा सोडला, हळद-दूध झालं. दिवाळी गेली तरी घशातून फाटक्या कापडासारखा आवाज निघायचा, आणि मग घास गिळतानाही दुखायला लागलं. यवतमाळच्या डॉक्टरनं नागपूरला धाडलं. तिथल्या कागदावर फोनचा नंबर लिहायची जागा होती. श्रावणला एकच नंबर तोंडपाठ होता, सदाशिवरावांचा. तोच त्यानं सांगितला.

गुरुवारी ती दोघं नागपूरला गेली. खाट दुसऱ्याला दिलेली होती. नवी तारीख बावीस दिवसांनी मिळाली. त्या बावीस दिवसांनंतर डॉक्टरनं पुन्हा नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, "गाठ वाढली आहे. आता आवाजाची पेटी पूर्ण काढावी लागेल. पुढच्या सोमवारी भरती व्हा. बोलणं मात्र राहणार नाही."

श्रावणनं गळ्याचा मफलर सैल केला. मग त्यानं त्या फाटक्या आवाजात विचारलं, "हासनं तरी राहीन ना, साहेब?"

"हसाल. पण आवाज नाही येणार."

परतीच्या एस.टी.त दोघं एका सीटवर बसली, दवाखान्याचे कागद कांताबाईच्या मांडीवर. कळंबला भजेवाले खिडकीशी येऊन गेले, गाडी पुन्हा हलली, तेव्हा कांताबाई म्हणाली, "फोन घ्याचा."

"कोनासाठी? बोलनारा त मुका होऊन राह्यला."

"घ्याचा म्हंजे घ्याचा. पुन्हा कोनाच्या ओसरीवर मी उभी राहनार नाई."

श्रावणनं तिच्याकडं पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात तिनं हट्ट धरल्याचं त्याला आठवत नव्हतं.

दोन शेळ्या गेल्या. बाजाराच्या दिवशी दोघं बाभुळगावला गेली. पोरगी ममता यवतमाळच्या वसतिगृहात बारावीला होती. ती असती तर बरं झालं असतं, पण तिची सराव परीक्षा तोंडावर होती. एस.टी. स्टँडसमोर राजकुमारचं मोबाइलचं नवीन दुकान होतं. पूर्वी तिथं तो घड्याळं दुरुस्त करायचा. काचेखाली फोन मांडून ठेवले होते, आणि आजूबाजूच्या गावची माणसं काचेवर वाकून नुसती बघत होती.

"काय पायजे, काका?"

श्रावणनं बोलायला तोंड उघडलं, पण गर्दीत त्याचा आवाज निघेना. कांताबाई पुढं झाली. "दोन फोन पायजे. एक याईच्यासाठी, एक माह्यासाठी. याईचं नागपूरले आपरेशन हाय. मंग हे तिथीच राहतीन, बहिनीकडं. मी गावात."

"गाव कोनतं?"

तिनं सांगितलं.

"तुमच्या गावात हिरव्या कंपनीची रेंज नाई लागत. निळीची लागते, पन तळ्याच्या पाळीवर. घरात नाई भेटनार."

"तळ्याकडं मी रोजच असतो वेचाले," कांताबाई म्हणाली. "दुपारी लावत जाईन."

राजकुमारनं तीन फोन काढून काचेवर ठेवले. एक बॅटरीवाला, टोकाला उजेडाचा दिवा असलेला, साधा, बटणं मोठी. दुसऱ्याच्या बटणांवर इंग्रजी आकड्यांखाली बारीक मराठी अक्षरं छापलेली. तिसरा चपटा, चकचकीत, त्यात आवाज भरून ठेवता यायचा.

"हा पाहा काका, बोला यात काईतरी."

श्रावण संकोचला. राजकुमारनं फोन त्याच्या तोंडाजवळ धरला. श्रावण बोलला, "जयभीम. मी श्रावन बोलून राह्यलो." राजकुमारनं बटण दाबलं. फोनमधून तो आवाज परत आला, खरखरीत, मधेमधे तुटणारा. काचेवर वाकलेल्या दोघा-तिघांनी माना वर केल्या.

श्रावणनं फोनकडं एकटक पाहिलं. "हा माहा आवाज होय?"

"तुमचाच त."

"ठेव बाप्पा तो. हा आवाज ठेवून काय कराचं? माहा आवाज होता तवा असा फोन नोता."

कांताबाईला तो फोन हवा होता. आवाज कसा का असेना, उद्या तोही असणार नव्हता. पण तो फोन दोन्ही साध्या फोनांपेक्षा महाग होता, आणि श्रावणनं तो बोटानं दूर सारला होता.

श्रावणनं अक्षरंवाला फोन उचलला. तो सातवी शिकलेला होता. गावात त्याचं अक्षर नावाजलेलं. विहाराच्या भिंतीवरच्या पाट्या तोच रंगवायचा. बटणं दाबून दाबून त्यानं स्वतःचं नाव उमटवलं. श्रा, व, ण. त्याच्या तोंडावर हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

"हा मले पायजे. मी लिहून पाठवत जाईन."

"मले वाचता येते काय?" कांताबाई हळूच म्हणाली.

"ममता वाचून दाखवन."

कांताबाईनं मान खाली घातली. नवऱ्यानं बायकोला काय लिहावं आणि ते पोरीनं वाचावं? पण दुसरा इलाज नव्हता. ती राजकुमारला म्हणाली, "मंग मले हा बॅटरीवाला द्या. सस्ता हाय. याईचं लिहेल त्यात येते ना?"

"मेसेज सगळ्यात येते, काकू. हे पाहा." त्यानं अक्षरंवाल्या फोनवरून स्वतःच्या फोनवर श्रावणचं नाव पाठवलं. टिंग वाजलं. नाव उमटलं. त्याचा फोन महागातला होता. बॅटरीवाल्यावर पाठवून पाहायचं ना त्याला सुचलं, ना त्यांना.

मग कार्डाची गोष्ट निघाली. राजकुमारनं दोन्ही प्रकार समजावले. एक महिन्याचं, दर महिन्याला पैसे भरायचे, नाही भरले तर येणारा फोनही बंद. दुसरं लाइफटाइमचं, एकदाच जास्त पैसे द्यायचे, मग वर्षानुवर्षं येणारा फोन चालू राहतो, पण फोन लावला किंवा मेसेज धाडला की दर चढा.

"लाइफटाइम म्हंजे?" श्रावणनं विचारलं.

"म्हंजे जिंदगीभर, काका."

"कोनाच्या जिंदगीभर? कंपनीच्या का माह्या?"

राजकुमार हसायला गेला आणि श्रावणच्या गळ्याला गुंडाळलेल्या मफलरकडं पाहून थांबला. श्रावण म्हणाला, "माह्यासाठी महिन्याचंच दे. महिना महिना पाहू."

"नाई," कांताबाई म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा निघाला की तीच दचकली. "याईले लाइफटाइमचंच द्या. माह्यासाठी महिन्याचं चालते."

"अवं, मेसेज महाग पडतीन त्याच्यात."

"पडू द्या."

राजकुमारनं कार्डं घातली. कांताबाईच्या फोनमध्ये दोनाचं बटण दाबून धरलं की श्रावणला फोन लागेल अशी सोय करून दिली. मेसेज आला की लिफाफा दिसेल, मग मधलं बटण दाबायचं, एवढं तिच्याकडून चारदा करवून घेतलं. स्टँडवर श्रावण म्हणाला, "दुकानात तू भांडखोर निघाली वं." ती म्हणाली, "तुमीच शिकवलं." त्या दिवशी दोघं उसाचा रस प्याली. त्याला अर्धाच गिळता आला. उरलेला तिनं घेतला.

ऑपरेशन झालं. कांताबाई पंधरा दिवस दवाखान्यात होती, रात्री खाटेखाली निजायची. श्रावणच्या गळ्याला समोर भोक होतं, त्यात नळी. श्वास तिथून यायचा-जायचा. खोकला आला की तिथूनच कफ बाहेर पडायचा, आणि तो हातवारे करून तिला तोंड फिरवायला सांगायचा. नाकातून दुसरी नळी पोटात गेलेली. तीतून ती वरणाचं पाणी सोडायची. पुढं दीड महिना मशीनखाली रेडिएशनचा शेक घ्यायचा होता. तेवढे दिवस तो थोरल्या बहिणीकडं, हंसाबाईकडं राहणार होता. हंसाबाईचा नवरा वारलेला. दवाखान्यामागच्या वस्तीत तिची एक खोली होती, आणि ती चार घरची धुणीभांडी करायची.

निघायच्या दिवशी कांताबाई खाटेशी रेंगाळली. "मी राह्यतो," ती म्हणाली. श्रावणनं पाटी घेतली आणि लिहिलं. बाजूच्या खाटेवरच्या माणसानं वाचून दाखवलं, "वेचा संपला की काम नाई. ममताच्या परीक्षेचं पाहा लागन. जा."

मग त्यानं तिला एक गोष्ट करून दाखवली. फोन कानाशी धरला आणि नखानं त्यावर एकदा टक् केलं. मान हलवली, होय. दोनदा टक् टक् केलं. मान हलवली, नाही. तिला समजलं.

गावात आल्यावर ती रोज दुपारी भाकर खाऊन तळ्याच्या पाळीवर चढायची. बाया खाली लिंबाच्या सावलीत बसलेल्या असायच्या. ती दोनाचं बटण दाबून धरायची. पलीकडं फोन उचलला जायचा, आणि आधी ऐकू यायचा तो नळीतला श्वास, सूं सूं.

"बरं हाय काय?"

टक्.

"जेवन जाते?"

टक्.

"दुखते काय जास्ती?"

टक् टक्.

"मी येऊ काय?"

टक् टक्.

मग ती एकटीच बोलत राहायची. आज किती भरला, कोणाची गाय व्याली, कोणाच्या वावरात डुकरं शिरली. लग्नानंतर इतकं ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. घरात बोलणारा तोच. आता तो ऐकत होता, आणि तिला स्वतःचा आवाज तळ्यावर पसरलेला ऐकू यायचा.

फोन ठेवला की थोड्या वेळानं टिंग वाजायचं. लिफाफा. ती मधलं बटण दाबायची. पडद्यावर श्रावणचं लिहिणं उमटायचं, बारीक, एकसारखं, ज्वारीचे दाणे ओळीनं मांडल्यासारखं. कधी दोन ओळी, कधी पडदा भरून. त्याचं अक्षर नीटस आहे असं लोक म्हणायचे. तिला वाटलं, हेच ते. अक्षरं तिला बसच्या पाटीवरचीही सारखीच दिसायची.

वस्तीत वाचणारे पुष्कळ होते. पण नवऱ्याचं लिहिलेलं कोणापुढं उघडायचं? गावातल्या पोट्ट्यांनी वाचलं असतं आणि पारावर हसले असते. एकदा समाजमंदिरातल्या बालवाडीच्या बाईंकडं ती दारापर्यंत गेली. आत चार बाया बसलेल्या दिसल्या, तशीच ती परत फिरली. ममता परीक्षा झाली की येणारच होती. आणि टक् तर रोज ऐकू येतच होतं. बरं होतं, जेवण जात होतं. लिहिण्यात दुसरं काय असणार?

एका रविवारी फोन हंसाबाईनं उचलला. "कांता, बारीक झाला वं हा. डाक्टर म्हनते शेकानं होतेच तसं. मले काई सांगत नाई. पाटीवर लिवते, मले का वाचता येते? अन् त्या फोनचं बॅलन्स लगेच संपते याचं. दिसभर टिकटिक, टिकटिक करत बसते."

"मी येऊ काय, बाई? त्याईले इचारा बरं."

पलीकडं हंसाबाईनं त्याला विचारल्याचं पुसट ऐकू आलं. मग हंसाबाई म्हणाली, "त्यानं तोंड फिरवलं. माहीत नाई बाप्पा."

त्या दिवशी लिफाफा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी फोन उचलला गेला, पण "बरं हाय काय?" या प्रश्नावर नुसता श्वास आला. तिनं पुन्हा विचारलं. बऱ्याच उशिरानं एकदा टक् झालं. तिला वाटलं, थकला असेल. त्या आठवड्यात फरदडीचा, म्हणजे शेवटच्या बहराचा, कापूस बरा फुटला होता, सदाशिवरावांनी घाई लावली होती. ती वावरात जात राहिली.

शनिवारी संध्याकाळी ममता आली. पोरीनं पाणी पिऊन ग्लास खाली ठेवायच्या आत कांताबाईनं फोन तिच्या हातात दिला. "वाच. सगळे वाच. पयल्यापासून."

ममतानं बटण दाबलं. एक पाहिला, दुसरा पाहिला. भराभर खाली गेली.

"आई, हे काय होय?"

"बाबाचं लिहेल होय."

"याच्यात काई नाई लिहेल. हे चौकोन हायेत."

"म्हंजे?"

"बाबानं मराठीत लिवलं. तुह्या फोनले मराठी येतच नाई. जेवढे अक्षर तेवढे चौकोन आले नुसते." ममतानं पडदा आईपुढं धरला आणि नखानं दाखवलं. "हे पाय. हा चौकोन, हा चौकोन. सगळे एकच."

कांताबाईनं पाहिलं. चौकोन तर तिलाही कळत होता. खिडकी चौकोन असते, पाटी चौकोन असते. रोज दुपारी ती तेच बघत आली होती.

"किती हायेत?"

"एकतीस."

ती चुलीपुढं बसली. भाकरीचं पीठ मळून ठेवलेलं होतं, ते तसंच राहिलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "सकाळची गाडी किती वाजता हाय?"

हंसाबाईच्या खोलीत श्रावण भिंतीला टेकून बसला होता. महिनाभरात माणूस निम्मा झाला होता. गळ्याभोवतीची कातडी शेकानं काळी पडून सोलली होती. दारात कांताबाई दिसली तसं त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि तोंड भिंतीकडं केलं.

"बाबा," ममता म्हणाली.

त्यानं उशीखालून पाटी ओढली, लिहिली आणि न बघताच मागं धरली. ममतानं वाचलं आणि आईकडं पाहिलं.

"काय लिवलं?"

"आई..."

"सांग."

"'आता सवड झाली काय,' म्हनते."

कांताबाई त्याच्यासमोर जाऊन जमिनीवर बसली. कमरेच्या पिशवीतून फोन काढला, मधलं बटण दाबलं आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "पाहा. तुमचं लिहेल असं येते माह्यात. मले वाटे अक्षर होय. मी ममताची वाट पाहून राह्यली होती."

श्रावणनं फोन उचलला. डोळ्यांजवळ नेला. एक पाहिला. पुढचा. आणखी पुढचा. अंगठा थांबत नव्हता. मग त्याचे खांदे हलायला लागले. नळीतून हवा आत-बाहेर फुसफुसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो हसतो आहे की रडतो आहे ते कोणालाच कळेना. कांताबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मणके एकेक करून हाताला लागले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं ममताला बाजूला घेतलं. शेक थांबवायचा, छातीतही उतरलं आहे, घरी न्या. नळी कशी धुवायची ते नर्सनं पुन्हा एकदा दाखवलं.

निघताना पिशव्या भरता भरता ममताच्या काहीतरी ध्यानात आलं. "आई, चौकोन दिसते म्हनून लिहेल गेलं नाई. मी सगळे मेसेज कार्डावर घेतो अन् कार्ड बाबाच्या फोनमंधी टाकतो. समदं वाचता येईन. जेवढे मावले तेवढे."

कांताबाईनं चटकन श्रावणकडं पाहिलं. त्यानं ऐकलं होतं. त्याचा हात पुढं आला, बायकोचा फोन त्यानं उचलला आणि सदऱ्याच्या आत धरला.

एस.टी.त ममताला मागची जागा मिळाली. ही दोघं पुढं, श्रावण खिडकीशी. नळीत धूळ जाऊ नये म्हणून कांताबाईनं ओलं फडकं त्याच्या गळ्याला बांधलं होतं. शहर मागं पडल्यावर श्रावणनं फोन बाहेर काढला. लिफाफा उघडला. चौकोनांकडं थोडा वेळ पाहिलं. मग दोन-तीन बटणं दाबली, आणि ते चौकोन गेले. दुसरा उघडला. तोही गेला.

कांताबाई बघत होती. कोणत्या दिवशीचा कोणता, ते तिला लांबीवरून ओळखू येत होतं. हा लांब होता तो संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचा. त्या दिवशी तिनं सतरा किलो वेचल्याचं सांगितलं होतं, आणि त्यानं टक् केलं होतं. हा दोन ओळींचा, हंसाबाईशी बोलणं झालं त्याच्या आदल्या दिवशीचा.

"लय वाईट लिवलं होतं काय?" तिनं त्याच्या कानाशी विचारलं.

त्यानं मान हलवली. होय.

"मलेच?"

त्यानं खिडकीकडं तोंड केलं. बाहेर पऱ्हाट्या उपटलेली रिकामी वावरं मागं जात होती. त्यानं पुन्हा मान हलवली.

"लिवाचंच होतं," ती म्हणाली. "मले लिवता आलं असतं, अन् मी तिथी एकटी पडली असती, त मीबी लिवलं असतं."

त्याचा अंगठा तसाच बटणावर राहिला. मग तो पुन्हा पुसायला लागला. मागून ममता उठून उभी राहिली, सीटच्या दांडीला धरून पुढं वाकली. "बाबा, काय करून राह्यले? पुसून राह्यले काय? आई, पाय ना!" कांताबाई मागं न वळता म्हणाली, "बस तू खाली. त्याईचं आहे, त्याईले करू दे." कळंब येईपर्यंत एकतीसही संपले. त्यानं फोन तिच्या हातात दिला आणि डोकं तिच्या खांद्यावर टाकलं. चारचौघांत, भरल्या गाडीत, त्यानं असं कधी केलं नव्हतं. ती ताठ बसून राहिली, गाडीच्या धक्क्यानं त्याचं डोकं हलू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी उजाडताना वेचणीच्या बाया दाराशी आल्या. फरदडीचे दोनच दिवस उरले होते, आणि पाटलांनी निरोप धाडला होता की सगळ्यांनी या.

"चाल वं कांता," बाहेरून आवाज आला.

श्रावण जागा होता. त्यानं हातानं दाराकडं खूण केली, जा. कांताबाई त्याची नळी गरम पाण्यात धूत होती. तिनं ती स्वच्छ फडक्यावर ठेवली, उठली आणि दारापर्यंत गेली.

"मी येत नाई आज," ती म्हणाली. "उद्याबी नाई. पाटलाले सांगा."

बाया क्षणभर थांबल्या आणि निघून गेल्या. ती आत येऊन पुन्हा पाण्याशी बसली. श्रावणनं मान फिरवून तिच्याकडं पाहिलं, आणि मग डोळे मिटले.

तो त्यानंतर अकरा दिवस होता. अकराही दिवस ती घरात होती.